कॅनव्हासला घरीच फ्रेम करायची आहे. कोपरे जुळतील का?

अर्धवट_रंगारी
नमस्कार मंडळी. वर्षभर रेंगाळलेलं एक चित्र अखेर पूर्ण झालं. अ‍ॅक्रिलिक, लाकडी चौकटीवर ताणलेल्या कॅनव्हासवर, ६० × ९० सेंमी. कॅनव्हास जाड प्रकारातला आहे, ३८ मिमी. आता त्याला फ्रेम हवी आणि ती मला स्वतःच करायची आहे. का, तर हौस. (बायको हट्ट म्हणते.)

हत्यारं: हातकरवत, टेप, गुण्या, ड्रिल, हातोडी. सुतारकामाचा अनुभव: एकदा स्टूल केलं होतं. त्यावर आता कुंडी असते, कारण माणूस बसला की डुलतं.

तर प्रश्न असे. काच लावायची का? नेहमीची, चित्राच्या कडेवर चढणारी फ्रेम करू, की ज्यात चित्र आणि फ्रेमच्या मध्ये फट असते आणि चित्र तरंगतंय असं वाटतं ती? आणि मुख्य म्हणजे, ४५ अंशांचे कोपरे हातकरवतीनं जुळतात का, की नाद सोडू?

निवांत
फोटो?

गुण्या
माझ्या आयडीचा उल्लेख हत्यारांमध्ये झाल्यामुळे येणं भाग आहे. :)

काच नको. अ‍ॅक्रिलिकचा थर म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिकच. उकाड्यात मऊ पडतो आणि काचेला टेकला की चिकटतो. त्यापेक्षा वॉर्निश द्या, धूळ बसली तर पुसता तरी येईल. काच लागते ती कागदावरच्या कामाला: जलरंग, पेस्टल, पेन्सिल.

३८ मिमी जाडी म्हटल्यावर तरंगती फ्रेम करा. बाजारातल्या साध्या फ्रेमपट्टीची खाच एवढी खोल नसते, कॅनव्हास मागून बाहेर डोकावत राहील. झेडच्या आकाराच्या क्लिपांनी तोही बसवता येतो, पण बाजूनं बघितलं की पायजमा आखूड झाल्यासारखं दिसतं.

कोपरे जुळतात. पहिल्या खेपेला नाही जुळत, एवढंच.

काडेपेटी
मुळात फ्रेम हवीच कशाला? जाड कॅनव्हास बिनफ्रेमचा टांगता यावा म्हणूनच असतो. चारही कडा रंगवा, दोन हुक मारा, विषय संपला. निम्म्या चित्रांचा जीव त्या सोनेरी नक्षीत गुदमरतो.

तिरपागडा
काडेपेटीनं आपलं काम केलं. आता धागा पेटणार.

जुनी_तस्बीर
काडेपेटी, कडांचं तुमचं बरोबर आहे, पण टांगून दहा वर्षं झाली की बघा. बिनफ्रेमच्या कॅनव्हासचे कोपरे सगळ्यात आधी जातात. उचलताना हात तिथेच, टेकवताना फरशी तिथेच, झाडूही तिथेच. कोपऱ्याला दुमडलेल्या कापडावरचा रंग तडकतो आणि पांढरं अस्तर दिसायला लागतं. फ्रेम शोभेपुरती असते असं मीही आधी समजायचे, आता तिला चित्राची चप्पल म्हणते.

रंगारी, तुम्हाला माझा एक धडा सांगते. मी पहिली फ्रेम केली तेव्हा कॅनव्हासच्या मागे ४० × ५० छापलं होतं, म्हणून ४० × ५० ची खाच धरून पट्ट्या कापल्या. सांधे सुंदर जुळले, मी खूश. चित्र बसवायला गेले तर ते आत जाईना! कोपऱ्यांवर कापड दुमडलेलं असतं, स्टेपल असतात, त्यामुळे तिथे तो दोन-अडीच मिमी जास्त भरत होता. मी काय करावं? तळहातानं ठोकून बसवलं. बसलं एकदाचं, पण महिन्याभरात कॅनव्हासच्या मधोमध पोक आलं, कारण त्याची चौकट चारही बाजूंनी दाबली गेली होती. चित्र काढायला गेले तर निघेना. शेवटी स्वतःच्या हातानं केलेली फ्रेम स्वतःच्याच हातानं फोडली.

छापील माप विसरा. लांबी तीन ठिकाणी मोजा, रुंदी तीन ठिकाणी मोजा, त्यातलं मोठं माप धरा आणि वर ३ मिमी हातचे ठेवा. गणितात हातचा विसरला तर फक्त उत्तर चुकतं, इथे लाकूड वाया जातं.

पानगळ
"चित्राची चप्पल" :D वाचनखूण साठवली.

भूमितीवाला
जुनी_तस्बीर यांच्या प्रतिसादाला +१, आणि एक भर. नुसती लांबी-रुंदी मोजून भागत नाही, दोन्ही कर्ण मोजा. कॅनव्हास काटकोनात नसेल तर लांबी-रुंदी बरोबर असूनही तो पतंगासारखा तिरका असतो. ३० × ४० च्या कॅनव्हासचा कर्ण बरोबर ५० आला पाहिजे, शाळेतलं ३-४-५. तुमच्या ६० × ९० चा सुमारे १०८.२ सेंमी. प्रत्यक्षात आकडा महत्त्वाचा नाही, दोन्ही कर्ण एकमेकांइतके हवेत.

आता करवतीचं. चार कोपरे म्हणजे आठ काप. प्रत्येक काप फक्त एका अंशानं एकाच बाजूला चुकला, तर तीन कोपरे दाबून जुळवता येतात आणि सगळा हिशोब चौथ्या कोपऱ्यात निघतो: आठ अंश. पट्टी ५ सेंमी रुंद असेल तर तिरका काप ७ सेंमीचा, म्हणजे त्याच्या टोकाला जवळपास १ सेंमीची फट. त्यात बोट जाईल. तरंगत्या फ्रेमची दर्शनी कड मात्र जेमतेम १ सेंमीची असते. तिथे हाच आठ अंशांचा घोळ २ मिमीत आटोपतो. नवशिक्यानं अरुंद पट्टी घ्यावी ती यासाठी.

तिरपागडा
दहावीनंतर पायथागोरस पहिल्यांदाच कामाला आला, तोही चपलेच्या मापासाठी.

काडेपेटी
अवांतर: काच लावत नाहीत म्हणता, मग मोनालिसाला काच कशी?

गुण्या
मोनालिसा कॅनव्हासवर नाहीच, पॉप्लर लाकडाच्या फळीवर आहे. आणि तिच्यापुढची काच धुळीसाठी नसून माणसांसाठी आहे. १९५६ साली एकानं दगड मारला होता, हाताच्या कोपराजवळचा रंग उडाला. घरात दगड मारणारे पाहुणे येत असतील तर लावा काच, पण कडेनं बारीक पट्टी घालून रंगापासून लांब ठेवा.

जुनी_तस्बीर
आणि १९११ मध्ये ती चोरीला गेली तेव्हा तिची फ्रेम आणि काच संग्रहालयाच्याच जिन्यात सापडली होती. चोरानं चित्र तेवढं नेलं.

काडेपेटी
म्हणजे चोरालासुद्धा फ्रेम नको होती. माझा मुद्दा सिद्ध झाला.

जुनी_तस्बीर
:D मग माझ्या बाजूनं व्हॅन गॉग घ्या. १८८७ मध्ये त्यानं फळांचं एक पिवळंजर्द चित्र काढलं आणि फ्रेमही स्वतःच पिवळ्या रंगात रंगवून टाकली. अ‍ॅमस्टरडॅमच्या संग्रहालयात ते अजून त्याच फ्रेममध्ये आहे. घरी फ्रेम करणाऱ्यांची परंपरा थोर आहे, रंगारी, मागे हटू नका.

निवांत
चित्राचा फोटो टाका की राव. चपलेवर इतकी चर्चा झाली, पाय कुणी बघितलाच नाही.

अर्धवट_रंगारी
सगळ्यांचे आभार. आज मोजलं. छापील ६० × ९०, खरं माप ६०.२ × ८९.९. कर्णांत २ मिमीचा फरक. तरंगती फ्रेम नक्की केली. गुण्याकाका, पट्टी कशी घ्यायची तेवढं सांगा. तयार एल आकाराची पट्टी मिळते, पण ती या जाडीला पुरत नाही.

फोटो फ्रेम झाल्यावरच. नवरी अंतरपाटाआड बरी.

गुण्या
कर्णांतला २ मिमीचा फरक फटीत जिरेल, सोडून द्या.

एल पट्टी घरीच करा, सोपं आहे. एक पट्टी आडवी, चित्राच्या मागे राहणारी: ८ मिमी जाड, २५ ते ३० मिमी रुंद. दुसरी उभी, बाहेरून दिसणारी: १० मिमी जाड. हिची उंची अशी काढा: कॅनव्हास ३८, मागची पट्टी ८, आणि चित्रापेक्षा फ्रेम किंचित पुढे हवी म्हणून २. झाले ४८ मिमी.

फट ६ मिमी धरली तर आतलं माप चारी बाजूंना तेवढं वाढवून ६१.४ × ९१.१. आडव्या पट्ट्या दिसत नाहीत, त्यांना कोपरे कापू नका. सरळ टोकाला टोक भिडवून त्याच मापाचा आयत करा. त्याच्याभोवती उभ्या पट्ट्या ४५ अंशांत कापून लावा. आतल्या आयतावर टेकल्यामुळे त्या आपोआप काटकोनात बसतात. निम्मं काम तो आयतच करतो.

लाकूड आणल्या आणल्या कापू नका. चित्र जिथे टांगायचं त्या खोलीत आठ-दहा दिवस आडवं ठेवा. लाकूड रुंदीत फुगतं-आक्रसतं, लांबीत जवळपास नाही. त्यामुळे ओलं लाकूड नंतर वाळलं की सांधा आतल्या बाजूला उघडतो, कोरडं नंतर फुगलं की बाहेरच्या. आज घट्ट बसलेला कोपरा ऋतू बदलला की हसायला लागतो.

पानगळ
बाळबोध प्रश्न. कोपरे खिळ्यांनी जोडायचे की गोंदानं?

गुण्या
गोंद, आणि वर दोन बारीक चुका.

तिरपागडा
मी सगळी कामं अशीच करतो. थोडा गोंद आणि बऱ्याच चुका.

गुण्या
वाट बघत होतो, कोण म्हणतंय याची. :)

पानगळ, तिरक्या कापाला लाकडाचे तंतू उघडे पडतात आणि ते गोंद शोषून घेतात. सांधा कोरडा पडतो आणि वर्षभरात निखळतो. म्हणून आधी दोन्ही तोंडांना गोंदाचा पातळ हात द्या, पाच-दहा मिनिटं मुरू द्या, मग दुसरा हात देऊन जोडा. आवळायला शिकंजे नसतील तर दोरी चालते. चारही कोपऱ्यांवर जाड पुठ्ठ्याचा एकेक तुकडा, भोवती दोरीचे दोन फेरे, आणि दोरीत काडी घालून पीळ. पिळताना कर्ण पुन्हा मोजा, ओला गोंद घसरतो. चुका मारायच्या त्या गोंद सुकल्यावर, आधी बारीक भोक पाडून. टोकाशी भोक न पाडता ठोकलं की लाकूड उभं चिरतं.

अर्धवट_रंगारी
पहिला प्रयत्न: करायला गेलो गणपती, झाला मारुती.

आतला आयत छान झाला. उभ्या पट्ट्या मायटर बॉक्समध्ये (करवत ४५ अंशांत धरणारा खाचांचा साचा) कापल्या. तीन कोपरे असे जुळले की बायकोला हाक मारून दाखवले. चौथा ३ मिमी उघडा. पुन्हा घासला, तर दुसरा उघडला. तो घासला, तर तिसरा. रात्री साडेअकरापर्यंत हाच खेळ. आता पट्ट्याच आखूड झाल्या आहेत आणि आयताभोवती पुरत नाहीत. करवत वाकडी आहे बहुतेक.

काडेपेटी
नाचता येईना, करवत वाकडी.

भूमितीवाला
करवतीला कोपऱ्यात उभं करण्याआधी एक तपासा. समोरासमोरच्या दोन पट्ट्या एकमेकींना पाठ लावून टेबलावर उभ्या करा. लांबी सारखी आहे का?

अर्धवट_रंगारी
एक पट्टी २ मिमी आखूड! दुसरी जोडी बरोबर आहे.

भूमितीवाला
सापडला चोर. कोन ठीक असले तरी समोरासमोरच्या बाजू असमान असतील तर चौकट मिटणारच नाही, आणि फट दिसते कोपऱ्यात, म्हणून माणूस कोनच घासत बसतो. नव्यानं कापताना दुसरी पट्टी टेपनं मोजूच नका. मायटर बॉक्सपासून हव्या त्या अंतरावर टेबलाला एक ठोकळा पक्का करा, पट्टीचं टोक त्याला भिडवा आणि कापा. दुसरीही त्याच ठोकळ्याला भिडवून. माप चुकलं तरी दोघींचं सारखं चुकेल, ते चालतं.

जुनी_तस्बीर
आणि रंगारी, कुठल्या टोकाला टेपचा आकडा धरला, आतल्या की बाहेरच्या? दर वेळी एकच धरा. मी पूर्वी लांब बाजू आतून आणि आखूड बाजू बाहेरून मोजली होती. सांगण्यासारखं नाही, पण सांगते.

गुण्या
आखूड झालेल्या पट्ट्या टाकू नका. लहान चित्राला होतील. माझ्याकडे अशा वाया गेलेल्या पट्ट्यांसाठीच काढलेली चार चित्रं आहेत. सुताराचं मन बाभळीकडे म्हणतात, फ्रेमवाल्याचं तुकड्यांकडे.

पानगळ
माझ्याकडे घरातलंच एक जुनं तैलचित्र आहे, त्याचं कापड सैल पडलंय. फ्रेम करण्याआधी ताणायचं असतं ना? मागून पाणी फवारलं की ताठ होतं असं ऐकलंय.

जुनी_तस्बीर
पाणी अजिबात नको! कोऱ्या कॅनव्हासवर ठीक आहे, रंगवलेल्यावर नाही. कापड आक्रसतं, वरचा वाळलेला रंग आक्रसत नाही, मग तो सुटतो.

मागे बघा, कोपऱ्यांच्या खाचांत लाकडी पाचरी आहेत का? प्रत्येक कोपऱ्यात दोन, एकूण आठ. असतील तर प्रत्येकीला हलकासा टोला द्या, सगळ्यांना सारखा. हातोडी आणि कॅनव्हासच्या मध्ये पुठ्ठा धरा. एका दिवसात ढोलकीसारखं ताठ करू नका, जुना रंग तडकेल. रंग आधीच सुटत असेल तर हात लावू नका, जाणत्याकडे न्या.

आणि खालच्या कडेला पुढून एखादा उंचवटा दिसतोय का? आमच्या घरच्या चित्रात होता. सगळे म्हणायचे चित्रकारानं तिथे टेकडी काढलीय. वरच्या कोपऱ्यातली पाचर निसटून कापड आणि पट्टीच्या मध्ये अडकली होती. काढल्यावर टेकडी गेली.

पानगळ
आत्ता बघून आले. टेकडी नाही, पण पाचरी सातच आहेत. आठवी शोधतेय.

तिरपागडा
आठवी पाचर काडेपेटीनं मारून ठेवली असेल कुठेतरी.

काडेपेटी
या धाग्यात मारली ना. चालली की नाही शंभर नंबरी?

अर्धवट_रंगारी
दुसरा प्रयत्न यशस्वी! ठोकळ्याची युक्ती लाखमोलाची. एका कोपऱ्यात नखाएवढी रेघ आहे, ती मेणाच्या रंगीत कांडीनं भरली. फ्रेम बाहेरून नुसतं पॉलिश आणि आतून काळा मॅट रंग, फट सावलीसारखी दिसावी म्हणून. आता चित्र बसवायचं. मागून स्क्रू लावायचे ना? घरात ५० मिमीचे आहेत.

गुण्या
थांबा!!

मागची पट्टी ८, कॅनव्हासची चौकट ३८, मिळून ४६. ५० चा स्क्रू पुढून ४ मिमी बाहेर येईल. मी केलंय हे, एका मित्राच्या चित्रावर. आभाळात बरोबर मधोमध नाही, कडेला, पण आला बाहेर. त्यानं तिथे एक पक्षी रंगवला आणि मैत्री टिकली.

२० किंवा २५ मिमीचे घ्या. आधी भोक पाडा, आणि ड्रिलच्या पात्यालाही २० मिमीवर चिकटपट्टी गुंडाळा म्हणजे ते जास्त आत जाणार नाही. चित्र फ्रेममध्ये ठेवल्यावर चारही बाजूंना ६ मिमी जाडीचे एकसारखे तुकडे फटीत घाला, मग फ्रेम तुकड्यांसकट हळूच पालथी करा, खाली मऊ चादर. लांब बाजूंना तीन-तीन, आखूड बाजूंना दोन-दोन स्क्रू पुरेत. पूर्ण आवळू नका, लाकडाला हलायला जागा हवी. आणि गोंदानं तर मुळीच चिकटवू नका, उद्या चित्र काढावं लागलं तर जुनी_तस्बीर यांच्यासारखं फ्रेमच फोडावी लागेल.

जुनी_तस्बीर
नाव घेतलंत ते बरं केलंत.

भूमितीवाला
टांगण्याबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून. मागे तार लावत असाल तर ती ताणून आडवी बांधू नका. तार आडव्याशी ३० अंश करत असेल तर तिच्या प्रत्येक बाजूवरचा ताण चित्राच्या वजनाइतका असतो. चार किलोचं चित्र, चार किलोचा ताण. तीच तार १० अंशांवर आली की ताण साडेअकरा किलोच्या घरात जातो आणि तो फ्रेमच्या उभ्या बाजूंना आतल्या बाजूला खेचतो. तुम्ही घासून घासून जुळवलेले कोपरे तिथेच उघडतील. कड्या वरून एक तृतीयांशावर लावा आणि तार सैल ठेवा, फक्त तिचं टोक फ्रेमच्या वर दिसायला नको.

काडेपेटी
मी तार लावतच नाही. दोन कड्या, भिंतीत दोन हुक. चित्र कलंडत नाही, रोज सरळ करावं लागत नाही. या एका बाबतीत माझं ऐका.

भूमितीवाला
हे मान्य. दोन हुक समपातळीत आले तर तेच उत्तम.

गुण्या
धाग्यात एकमत झाल्याची नोंद घ्यावी. खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबराच्या टिकल्या लावा, म्हणजे भिंत आणि चित्राच्या मध्ये हवा खेळती राहते.

अर्धवट_रंगारी
टांगलं! दोन कड्या, दोन हुक, पाणसळ लावून. गंमत म्हणजे पाणसळीनुसार चित्र सरळ आहे आणि डोळ्यांना तिरकं दिसतंय, कारण छताचीच रेघ उतरती निघाली. इतकी वर्षं या घरात राहतोय, कळलं नव्हतं. शेवटी छताच्या बाजूनं निकाल दिला आणि पाणसळ आत ठेवून दिली.

फोटो उद्या उजेडात काढतो.

निवांत
उद्यापर्यंत दम निघत नाही. निदान चित्रात काय आहे ते तरी सांगा.

अर्धवट_रंगारी
स्टूल. कुंडीसकट. ते चित्रातही थोडं डुलल्यासारखं दिसतंय, पण ते मुद्दाम आहे असं मी सगळ्यांना सांगतोय.